बोडक्या डोईनं

आबा साताऱ्याच्या दवाखान्यात आडवा पडला तवा त्यानं एकच मागितलं. "बनूला आण." बनू माजी थोरली भैन, आटपाडीकडं दिल्याली. डाक्टर म्हणला, दोन दिस, लय तर तीन. थोरला भाऊ नाथाजी उशाशी बसला आन मी पयल्या एस्टीनं निघालो.

डोईवर टोपी नव्हती. दिवाळीपास्नं सोडलीच हुती. फलटणात समदी पोरं बोडकी हिंडत्यात, केसाला तेल चोपडून, कानापुढं कल्लं सोडून. टोप्या शिवणारा शिंपी बी आता चड्ड्या शिवतोय. आबा वरडायचा, "मी जित्ता आसताना बोडका? बाप मेल्यालं पोरगं फिरतं तसं!" साळा सोडल्यापास्नं आमचं पटतच नव्हतं, मी बी टोपी भिताडावर मारायचो.

फाट्यावर उतरून माळानं चालत गेलो. बनूआक्का दारात ज्वारी पाखडत हुती. लांबनंच तिनं मला बघितलं आन सूप हातातनं सुटलं.

"आबाऽऽ! गेला गं माजा आबा!"

"आक्के, जित्ता हाय त्यो! तुला बलीवलंय!"

पर ऐकतंय कोण. सासू धोंडुबाई पळत आली आन तिच्या गळ्यात पडून सूर धरला. आजूबाजूच्या बाया जमल्या. एक म्हातारी माज्या गालावरनं हात फिरवत म्हणली, "आसंच सांगायचं आसतंय, लेकरा. वाटंत लेकीला सोसत न्हाई."

आमच्यात लेकीला बाप मेल्याचं तोंडावर कुणी सांगत न्हाई. 'लय आजारी हाय, चल' म्हणूनच नेत्यात. मी खरं बोलत हुतो आन त्यास्नी ती माजी माया वाटत हुती.

"मेला आसता तर हे केस ऱ्हायलं आसतं का?"

"धाव्याला काढत्याल की," म्हातारी म्हणली.

अर्जुनादाजी शांतपणी बैलांकडं निघाला. "वाडीवरची भावकी येऊ दे, मग गाडी जुपू. माती न्हाई गावली, सावडायला तरी जाऊ."

"दाजी, बाराची एस्टी चुकली तर आक्काला बाप दिसायचा न्हाई!"

"आता कसली घाई, मेव्हण्या? व्हायचं ते झालं."

"मग एक टोपी द्या कुणीतरी. घालून दावतो!"

समदी दोन पावलं मागं सरली. तेराव्याला आईच्या भावानं घातल्याबिगर दुखवट्यातल्या पोराच्या डोईला कापड लागत न्हाई. कोण देणार?

आक्काचा सासरा कोंडीबातात्या खांबाला टेकून बसला हुता. डोईला लाल पटका. माजं डोस्कं फिरलं. मी गेलो आन त्यो पटका वडून काढला. खाली म्हाताऱ्याचं पांढरं टक्कल, कवा ऊनच न बघितल्यालं. बाया गपकन गप झाल्या.

"माज्या बापाच्या डोईला हात घालतुस व्हय रं!" दाजीनं काठीचा एक तडाखा पाठीत हाणला. मी पटका कसातरी गुंडाळतच हुतो.

तात्यानं हात वर केला. "थांब, अर्जुना." मग माज्याकडं बघत ऱ्हायला. "बाप मेल्यालं पोरगं डोईला कापड लावील का? न्हाई लावणार, कितीबी वंगाळ आसू दे. जित्ता हाय त्यो. बनू, ऊठ."

पळत जाऊन एस्टी धरली. पटका माज्याच डोईवर ऱ्हायला.

दिवं लागायच्या वक्ताला दवाखान्यात पोचलो. आबानं आक्काचं तोंड हातानं चाचपून बघितलं. लय वेळ. मग माज्या डोईवरल्या पटक्याकडं नजर वळली.

"कुणाचा रं?"

"कोंडीबातात्याचा." मी समदं सांगितलं. वाटलं, हसंल.

"सकाळी दिऊन ये."

"आबा, चार दिसांनी देतो की! त्यांच्याकडं दुसरा आसंल."

"आसंल. पर म्हातारा बांधायचा न्हाई. तू काढलाईस, तूच बांध."

मी नाथाजीकडं बघितलं. त्यो म्हणला, "जा, गड्या. त्याला बोलाय लावू नगंस."

सकाळी गेलो. तात्या आतल्या अंधारात बोडकाच बसला हुता. मेंढरं बी दुसऱ्यानंच सोडली हुती. मी पाया पडलो.

"तुजा बा?"

"हाय. बोलतोय."

तात्यानं डोई फुडं केली. मला बांधता येईना. "पीळ दे. ताण जरा. आरं, दावं न्हाई बांधायचं," त्यो सांगत गेला. तिसऱ्या खेपंला बसला.

"तुमी पोरं परत बांधशीला ह्यो," त्यो म्हणला. "लग्नात. फोटूपुरता."

मी पटक्याचं सुटल्यालं टोक आत खोवलं.

आबा त्याच दुपारी गेला. मी म्हसवडात एस्टीची वाट बघत हुतो. आक्का जवळ हुती. पाणी तिनंच पाजलं, चमच्यानं, दोनदा. दुसरं खाली उतरलं न्हाई म्हणं.