मधल्या धक्क्यावर उतरायचं होतं

सायकल घेऊन आमच्या बोटीवर चढायचं, तर आधी ठरलेलं असावं लागतं की उतरायचं कुठे. तिकिटाच्या खिडकीवर हे कोणी विचारत नाही. तिथला माणूस मान वर करूनसुद्धा बघत नाही. पण धक्के आहेत तीन, आमचा, मधला आणि शेवटचा, आणि सायकली ठेवायला जागा एकच, डाव्या कठड्याला, एकीवर एक रेलून. शेवटच्या धक्क्यावर जाणाऱ्यांच्या सायकली आधी लागतात, मधल्या धक्क्यावर उतरणाऱ्यांच्या बाहेरच्या बाजूला. नवखा माणूस एकदा चुकतो. मग त्याची आत अडकलेली सायकल निघेपर्यंत त्याला जे ऐकून घ्यावं लागतं, त्यानंतर तो जन्मात चुकत नाही.

माझ्या बाबांची सायकल कायम सगळ्यांत आत असायची. शेवटच्या धक्क्यावरच्या गोदीत ते फिटर होते आणि घरून इतक्या लवकर निघायचे की धक्क्यावर त्यांच्या आधी फक्त कावळे आलेले असत. त्यांच्या सायकलवर दुसरी रेलायची, दुसरीवर तिसरी, म्हणून बोटीवर सगळे त्यांना टेकू म्हणायचे. आईला हे नाव मुळीच आवडत नसे. बाबांना आवडायचं, पण तिच्यासमोर तेही कपाळाला आठ्या घालायचे.

आता आई नाही, आणि बाबांच्या डोक्यातलं रोज काही ना काही नाहीसं होत चाललंय. आधी माणसांची नावं गेली, मग वार गेले. गॅस चालू ठेवून ते झोपले तेव्हा मी ऑफिसात होते. शेजारणीचं नाक तिखट म्हणून घर वाचलं. नंतर एकदा ते भर रस्त्यात अनवाणी उभे सापडले. मी धावत गेले, तर मलाच म्हणाले, "बाई, जरा बाजूला व्हा, गाड्या येतायत." डॉक्टरांनी सांगितलं, यांना एकटं ठेवू नका. सांगायला काय जातं! मी नोकरी सोडली तर खायचं काय, आणि नाही सोडली तर बाबांना बघायचं कोणी? धाकटा भाऊ दुसऱ्या शहरात असतो. तो फोनवर म्हणाला, "ताई, तू घेशील तो निर्णय. मी तुझ्या पाठीशी आहे." आहेच तो पाठीशी. समोर कधी आलाय?

शेवटी मधल्या धक्क्याजवळचा वृद्धाश्रम बघून आले. स्वच्छ होता. खोली तळमजल्यावर होती, खिडकीतून पाणी दिसत होतं, तिथल्या मोठ्या बाई तुसड्या नव्हत्या. मी खोट काढायलाच गेले होते. एकही सापडली नाही तेव्हा मला भयंकर राग आला.

बाबांना तिथे न्यायचं कसं, हा प्रश्नच होता. गाडी दारात आली की ते चौकट धरून उभे राहायचे, दोघांनी ओढलं तरी हलायचे नाहीत. सायकल काढली की मात्र कुठेही यायला तयार. म्हणून त्या सकाळी मी नुसतं म्हटलं, "बाबा, चला, बोट चुकेल." त्यांनी लगेच पॅन्टचा पाय मोज्यात खोचला. माझ्या खांद्याला पिशवी होती, तिच्यात त्यांचे कपडे, दाढीचं सामान आणि आईचा फोटो. सुट्टी मला एकाच दिवसाची मिळाली होती. एका दिवसात बाप उरकता येतो, असं आमच्या साहेबांचं मत आहे.

धक्क्यावर आम्हाला बघून बोटीचा दोरवाला ओरडलाच, "अहो टेकूकाका! होता कुठे?" रांगेतल्या जुन्या लोकांनी वळून बघितलं आणि बाबांना वाट करून दिली. मी तिकिटं घेत होते. तेवढ्यात बाबा सायकल घेऊन थेट कठड्यापाशी. त्यांनी हँडल आत वळवलं, पेडल गजात अडकू नये म्हणून उलटं फिरवलं आणि सायकल टेकवली. "बाबा, थांबा, आज बाहेरच्या बाजूला," असं मी म्हणेपर्यंत त्यांच्या सायकलवर दुसरी रेलली होती आणि तिच्यावर तिसरी. बघता बघता आमची दिसेनाशी झाली.

तिथल्या तिथे सांगितलं असतं तर लोकांनी काढून दिली असती. पण कोणीतरी सहज विचारलं असतं, आज मधल्या धक्क्यावर काय काम काढलंत? ते मला चारचौघांत बोलायचं नव्हतं. म्हटलं, धक्का आला की बघू.

बोट सुटली आणि बाबांचा नूरच पालटला. ताठ उभे राहिले, कशाला न धरता. पोस्टातल्या एका गृहस्थांना त्यांनी 'मास्तर' अशी हाक मारली. ते बिचारे निमूटपणे मास्तर झाले आणि शाळेचं बरं चाललंय म्हणाले. एका तरुणाला बाबा चेन सैल ठेवतोस म्हणून रागावले. चेन खरोखरच सैल होती. सगळे हसले, बाबाही हसले. असे हसताना मी त्यांना कितीतरी दिवसांत बघितलं नव्हतं. माझ्या मनात आलं, हा माणूस चांगला धडधाकट आहे, मीच घाई करतेय. संध्याकाळी सरळ घरी घेऊन जावं आणि त्या बाईंना फोन करून नाही म्हणून सांगावं.

तेवढ्यात बाबा माझ्याकडे वळले आणि अगदी अदबीने म्हणाले, "तुम्ही रोज येता का या बोटीने?"

"नाही," मी म्हटलं. "आजच आले."

"सवय होईल," ते म्हणाले. "सुरुवातीला जरा मळमळतं."

मी पाण्याकडे तोंड करून डोळे पुसले.

मधला धक्का आला. बाहेरच्या सायकली भराभर उतरल्या. मी बाबांच्या कोपराला धरलं. "चला, उतरू या."

"इथे? आपला धक्का पुढचा."

"आज इथे काम आहे."

"आणि सायकल?"

सायकल होती शेवटच्या धक्क्यावाल्यांच्या सायकलींखाली. दोरवाला म्हणाला, "काय हे ताई! इथेच उतरायचं होतं तर काकांनी आत कशाला लावली?" मग त्याची नजर माझ्या पिशवीवर गेली. मधल्या धक्क्यावर काय काय आहे ते बोटीवर सगळ्यांना ठाऊक असतं. त्याचा आवाज एकदम उतरला. "काढा रे," तो लोकांना म्हणाला, "काकांची सायकल मोकळी करा."

लोक पुढे झाले, तर बाबा हात पसरून आडवे आले. "अहो, राहू द्या, राहू द्या! माझ्यासाठी कशाला खोळंबा? मी सगळ्यांच्या शेवटी उतरतो." सगळे सायकली हातात धरून उभे, आणि सगळे माझ्याकडे बघतायत. भोंगा वाजला. बाबांचं मनगट धरून त्यांना खाली ओढायची ताकद माझ्यात होती. ते आता हलकेच झाले आहेत.

"सोडा दोर," मी दोरवाल्याला म्हटलं.

गोदीच्या फाटकावर पहारेकऱ्याने पास मागितला. बाबांनी शर्टाचा खिसा चाचपला, पॅन्टचे चाचपले, परत शर्टाचा. मागे माणसं खोळंबली तसे ते स्वतःच बाजूला झाले. तरणीताठी पोरं आत जात राहिली. बाबा एकेकाच्या चेहऱ्याकडे बघून हसत होते, पण त्यांना ओळखणारं त्यात कोणीच नव्हतं. शेवटी फाटक बंद झालं. आम्ही बाहेरच्या बाकावर बसलो. मी चहा आणून दिला, तो त्यांनी गार होईपर्यंत हातात धरून ठेवला.

"मी रिटायर झालोय ना?" ते म्हणाले.

"हो, बाबा."

"मग पोरी, आपण इथे कशाला आलो?"

त्यांनी मला पोरी म्हटलं होतं. त्या हाकेवर मला खोटं बोलवेना. मी सगळं सांगून टाकलं: गॅस, रस्ता, डॉक्टर, ऑफिस, वृद्धाश्रम. "तुम्हाला मधल्या धक्क्यावर ठेवायला निघाले होते. तिथे उतरवणं जमलं नाही."

मला वाटलं, चिडतील. चिडावं असंच मला वाटत होतं. मग मीही चिडले असते आणि भांडून आम्ही घरी गेलो असतो. त्यांनी तो गार चहा पिऊन टाकला.

"खोली वर आहे का खाली?"

"खाली."

"सायकल ठेवू देतात?"

"नाही देत."

त्यांनी मान डोलावली. मग उठून पहारेकऱ्याकडे पाना मागितला. त्याने आतून शोधून आणून दिला. बाबांनी मला सायकलशेजारी उभं केलं, सीट माझ्या कमरेशी कुठे येते ते बघितलं आणि नट सैल करून दांडी खाली घेतली. नट आवळून झाल्यावर दोन्ही हातांनी सीट गदागदा हलवून बघितली. मी म्हणत होते, "राहू द्या ना बाबा, मी काय करू सायकल घेऊन?" ते ऐकत नव्हते. उंच सीटवरून बाई पडते, हे त्यांनी मला दोनदा सांगितलं. पाना पुसून परत दिला. आता बाबा त्या सायकलवर बसले असते, तर त्यांचे गुडघे हँडलला लागले असते.

परतीच्या बोटीवर दुसरी सायकलच नव्हती. बाबा आपल्या सायकलकडे न बघता पलीकडच्या बाकावर बसले. मधला धक्का आला तसे माझ्या आधी उठले. धक्क्यापासून आश्रमापर्यंत सायकल मी ढकलली आणि पिशवी त्यांनी घेतली. मी मागितली तरी दिली नाही.

मोठ्या बाई फाटकापर्यंत आल्या होत्या. त्यांनी नमस्कार केला, बाबांनीही केला. मग माझ्याकडे वळून, कामावर निघताना दारातून आईला सांगायचे अगदी तसं ते म्हणाले, "संध्याकाळच्या बोटीने येतो. उशीर झाला तर माझ्यासाठी जेवायची थांबू नकोस."

बाबा सगळं विसरून बोलले, की माझा पाय तिथून निघावा म्हणून बोलले, ते मला कळलं नाही. विचारायचं धाडसही झालं नाही. मी हो म्हटलं. बाई त्यांना आत घेऊन गेल्या.

त्या संध्याकाळी आमच्या धक्क्यावर शेवटची बोट लागली, सगळी माणसं उतरली, दोरवाल्याने दिवे बंद केले. तोपर्यंत मी जेवले नाही.