ठमाबाईचा फोटो

कळव्याच्या हळदीत कृतिकाच्या कॅमेऱ्याचं कार्ड भरत आलं. दुसरं घरीच राहिलेलं आणि नवरी अजून मांडवात यायची होती. तिने रॉ बंद करून जेपेग लावलं. रॉमध्ये कॅमेऱ्याने टिपलेलं सगळं जसंच्या तसं राहतं, मागाहून हवं तसं उजळता येतं. पण ते जागा फार खातं. जेपेगमध्ये काय ठेवायचं ते कॅमेराच ठरवतो आणि बाकीचं टाकून देतो.

थोड्या वेळाने ठमाबाई धवले, म्हणजे लग्नातली पारंपरिक गाणी, गायला बसली. गावातल्या निम्म्या हळदींना हीच धवलारीण. फोटो म्हटलं की पदर ओढून घ्यायची. पण गाताना तिचे डोळे मिटले आणि कृतिकाने फोटो घेतला. मागे झगझगीत लाइट, चेहरा काळोखात. ‘नंतर उजळू,’ सवयीने मनात म्हणत ती नवरीकडे वळली. जेपेग लावल्याचं तिच्या डोक्यातूनच गेलेलं.

महिन्याभरात ठमाबाई गेली. तिचा मुलगा रघु कृतिकाच्या स्टुडिओत आला.

“आयचा फोटो हाय का गो तुज्याकडं? आमच्याकडं आधार कार्डावरचा सोडला तर एक नाय.”

कृतिकाने फाइल उघडली. उजेड वाढवला तसे चेहऱ्यावर करडे चौकोन उमटले. त्या काळोखात काही उरलंच नव्हतं.

“एआयने चेहरा बनवून देऊ ना,” स्टुडिओतला सुदेश म्हणाला, “पाच मिनिटांचं काम.” त्याने बनवलाही. नितळ गाल, सरळ नाक, कुणाचीही आजी शोभावी अशी.

रघु बराच वेळ बघत राहिला. “हिच्या कपाळावर गोंदण कुठंय?”

“टाकतो की.”

“नको. ही माजी आय नाय.”

कृतिकाला राहवलं नाही. “काका, चूक माझीये. मी रॉ ठेवलं असतं तर चेहरा निघाला असता. कार्डात जागा नव्हती म्हणून...”

रघुला त्यातलं किती कळलं कोण जाणे. “तू काडला तरी,” तो म्हणाला. “आमी कोनी काडलाच नाय. तोच दे, हाय तसा.”

तेराव्याला कृतिका रघुच्या घरी गेली. फोटो भिंतीवर होता, हार घातलेला. लांबून फक्त लाइटची कड आणि पदराची रेघ दिसायची. येणारी प्रत्येक बाई फोटोच्या अगदी जवळ जायची, वाकायची, थोडी थांबायची. कृतिकाही गेली. काचेत तिला आधी स्वतःचाच चेहरा दिसला. ती जरा बाजूला सरकली आणि पुन्हा वाकून बघू लागली.