मास्तरांची पाठ

या खेळात पंच नसतो, हे आधी समजून घ्यायला हवं. वाटाण्याहूनही लहान प्लास्टिकची गोळी सेकंदाला नव्वद-शंभर मीटर वेगाने येते, अंगावर टक्कन लागते आणि खाली पडून धुळीत दिसेनाशी होते. कपड्यावर ना डाग, ना रंग. लागली की नाही, हे ज्याला लागली त्यालाच ठाऊक. त्याने हात वर करायचा, ‘लागली’ म्हणायचं आणि मुकाट बाद झालेल्यांच्या खोलीत जाऊन बसायचं. दुसऱ्याने ‘अरे, तुला लागली’ म्हणून ओरडायचं नाही. तो त्या माणसाचा अपमान समजतात. म्हणजे अख्खा खेळ माणसाच्या दानतीवर उभा. माणसाची दानत किती भरवशाची असते ते आपण सगळे जाणतोच. तरी दर रविवारी सकाळी बंद पडलेल्या कागदाच्या कारखान्यात वीस-बावीस मोठी माणसं, पोट सुटलेली, पोरंबाळं झालेली, हुबेहूब खऱ्यासारख्या दिसणाऱ्या बंदुका घेऊन याच भरवशावर धावपळ करायची.

त्या भरवशाला चेहरा होता तो मास्तरांचा. शाळेतले मास्तर नव्हेत, टेलरमास्तर. वर्षातल्या मोठ्या सामन्यात एकदा त्यांच्या बाजूचे सगळे बाद झाले होते, एकटे मास्तर उरले होते, समोरही एकच गडी. मास्तर उठून उभे राहिले आणि त्यांनी हात वर केला. का, तर गोळी बुटाच्या नाडीला चाटून गेली होती. नाडीला! त्यांच्याच बाजूचे लोक महिनाभर त्यांच्याशी नीट बोलले नाहीत, पण तेव्हापासून मैदानावर कुणी हात वर करताना घुटमळला की लोक म्हणायचे, ‘मास्तरांना विचारा, नाडी धरतात का ते.’

मास्तरांचा धाकटा भाऊ म्हणजे पेचकस. स्क्रू-ड्रायव्हरचं हे नाव त्याला मास्तरांनीच ठेवलेलं, कारण लहानपणी त्याने घरातलं घड्याळ, रेडिओ आणि आईचं शिवणयंत्र या क्रमाने उघडून ठेवलं होतं. आता तो दुरुस्तीच्याच धंद्यात होता. मिक्सर, पंखे, शिलाई मशीन आणि शनिवारी फक्त बंदुका. मैदानावरच्या झाडून सगळ्या बंदुका त्याच्याच हाताखालून जात. टेबलावर जाड टॉवेल पसरायचा, म्हणजे सुटलेला स्क्रू गडगडत नाही. गिअरबॉक्सचं कवच उघडण्याआधी मागून सळई घालून स्प्रिंग धरून ठेवायची, नाहीतर ती छताला जाऊन लागते आणि सोबत एक चिमुकली खिट्टी घेऊन जाते, जी मग तीन दिवस सापडत नाही. जुनं ग्रीस चिंधीने पुसायचं, दात झिजलेत का बघायचं, पिस्टनची रबरी कडी बोटाने दाबून बघायची. त्याला बंदूक नुसती ऐकूनही कळे. मोटर घरघरली की तो म्हणे, ‘हिला सर्दी झालीय.’

एका शनिवारी दंतवैद्य त्याच्याकडे आला. हा समोरच्या बाजूचा पक्का नेमबाज, माणूस सरळ. त्याने बंदूक टॉवेलवर ठेवली.

“पेचकस, हिचा जोर गेलाय. गेल्या रविवारी मास्तरांच्या पाठीत मी चांगल्या पाच-सहा घातल्या. चालतच राहिले.”

“चुकल्या असतील.”

“दाढेच्या मुळात सुई घालतो मी रोज. एवढी मोठी पाठ चुकेल?”

त्या आठवड्यात आणखी तिघे आले. प्रत्येकाची तक्रार तीच, आणि प्रत्येकाने दोष दिला आपल्या बंदुकीला. मास्तर हात वर करत नाहीत, असं एकाच्याही मनात आलं नाही. दुसरा कुणी असता तर त्याला पहिल्याच दिवशी ‘मुडदा’ म्हटलं असतं. मेला तरी चालतच राहणाऱ्याला मैदानावर हाच शब्द होता. पण मास्तर? छे. एखाद्याबद्दल इतका चांगला ग्रह असू नये, असं आता वाटतं.

पेचकसने चारही बंदुका उघडल्या. कुठेच काही नव्हतं. वेग मोजायच्या यंत्रावर धरल्या तर त्र्याण्णव, चौऱ्याण्णव, जशा हव्यात तशा. तरी त्याला टोचणी लागली. त्याच्या कामाला नाव ठेवतात म्हणजे काय? मैदानाची मर्यादा शंभराची होती. त्याने चारही बंदुकांत एक नंबर वरची स्प्रिंग बसवली आणि काटा अठ्ठ्याण्णव-नव्व्याण्णववर आणून ठेवला. नियमात बसत होतं, आणि आता दादालाही कळेल की कुणाच्या हातची बंदूक आहे, असं मनाशी म्हणत तो शीळ घालत हात धुवायला गेला. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तो असा.

दोन रविवार गेले. मग बुधवारी दुपारी वहिनीने त्याला बोलावून घेतलं. मास्तर दुकानात कापड बेतत होते. वहिनी आतल्या खोलीत उभी होती, दार लोटून घेऊन.

“भाऊजी, तुम्ही खेळता की मारामारी करता?”

“का? काय झालं?”

“काल पाठ चोळायला बसले तर सगळी पाठ काळीनिळी. मोजल्या मी. तेवीस. मी म्हटलं, हे काय? तर म्हणाले, कुठे काय? आरशात दाखवलं तेव्हा ते माझ्याकडेच बघायला लागले.”

वहिनी बोलत होती ते पेचकसला कळत होतं आणि ते कळू नये असंही वाटत होतं.

“आणि हे बघा,” ती म्हणाली. तिच्या तळहातावर एक टाचणी होती. “परवा जेवताना दंडात होती. शर्टातून आत गेलेली. सगळं जेवण झालं, हात धुतले, पान खाल्लं. मी काढली तर म्हणतात, अगं, सापडली का? मी दुकानात शोधत होतो. गेल्या महिन्यात इस्त्रीने खांदा भाजला, तेव्हाही असंच. मी समजले, कामाच्या नादात असतील.”

तेवीस. त्यातल्या कितीतरी नव्व्याण्णवच्या वेगाने गेलेल्या होत्या, त्याने स्वतः काटा लावून दिलेल्या. घरी जाऊन त्याने चारही बंदुका परत मागवल्या आणि जुन्या स्प्रिंगा बसवल्या. त्याचा आता काय उपयोग, हे त्यालाही कळत होतं. पण हाताला दुसरं काही सुचत नव्हतं.

डॉक्टरांनी मास्तरांना डोळे मिटायला सांगून पाठीवर आलटून पालटून सुई आणि कापूस टेकवला. “आता?” ते विचारत. मास्तर विचार करून उत्तर देत, परीक्षेला बसल्यासारखे. मानेखालपासून दोन्ही खांदे आणि अर्धी पाठ, शाल पांघरल्यावर जेवढी झाकते तेवढी, तिथे सुईही कापूसच होती. मग मोठ्या यंत्रातून फोटो निघाले. मणक्याच्या आतल्या दोरीत पोकळी झाली होती. गेलेली संवेदना बहुतेक परत येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. शस्त्रक्रियेने आहे तिथे थांबलं तर थांबेल. पुढे कुठवर सरकेल आणि किती दिवसांत, हे कुणी सांगू शकत नाही.

पेचकसला आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या माणसाच्या हातातलं काम हिसकावून घ्यावंसं वाटलं. उघडा ना, बघा ना आत, असं त्याच्या ओठांवर आलं होतं. कुठलीही वस्तू तो उघडू शकत होता, आणि हा सख्खा भाऊ समोर स्टुलावर शर्टाची बटणं लावत बसला होता आणि त्याच्यापुढे हात टेकण्याखेरीज त्याला काही येत नव्हतं.

परतताना मास्तर घराच्या वळणावर थांबले.

“किती रविवार झाले असतील रे?”

“कशाचे?”

“मी खोटा खेळतोय त्याचे.”

“दादा, तू खोटा नव्हतास. तुला कळतच नव्हतं.”

“समोरच्याला ते कसं कळणार? त्याने मारली, मी चालत राहिलो. त्याच्या दृष्टीने मी मुडदाच.”

डॉक्टर, शस्त्रक्रिया, मणका, सगळं बाजूला राहिलं होतं आणि हा माणूस हे घेऊन बसला होता. पेचकसला राग आला. मग त्या रागाचीच लाज वाटली, कारण दादाजवळ स्वतःचं म्हणावं असं दुसरं फारसं काही नव्हतंच. भाड्याचं दुकान, दोन यंत्रं आणि शब्दाला असलेली किंमत.

त्यानंतरच्या दुसऱ्या रविवारी मास्तर मैदानावर गेले आणि खेळ सुरू होण्याआधी सगळ्यांसमोर उभं राहून त्यांनी सांगून टाकलं. माफीही मागितली. दंतवैद्य गॉगल पुसत राहिला. मास्तर पुढे म्हणाले, शस्त्रक्रियेची तारीख पंधरा दिवसांनी आहे, त्याआधी एक डाव खेळायची इच्छा आहे. भाऊ माझ्या मागे राहील, बंदूक न घेता. मला लागली की तो मला सांगेल आणि मी हात वर करीन. मैदानाच्या मालकांची हरकत नसेल तर.

मालकांची कसली हरकत? नियमात बसत नव्हतं, पण मास्तरांसाठी नियम नाही वाकवायचा तर कुणासाठी? मालकांनी पेचकसला पिवळं जाकीट घालायला दिलं, त्याच्यावर कुणी गोळी झाडू नये म्हणून.

खेळ सुरू झाला आणि पेचकसला जुना दादा दिसला. वाकून, भिंतीला खांदा न लावता, कागदाच्या लगद्याच्या रिकाम्या हौदांमागून तो असा सरकत होता की मागे चालणाऱ्यालाच धाप लागावी. दोन गडी बाद केले. एकदा वळून हसलाही. दवाखान्यानंतर तो हसलेला पेचकसला आठवत नव्हता. समोर पाणी तापवायच्या टाकीशेजारी दुसऱ्या बाजूचा झेंडा होता, वीसेक पावलांवर; तो उचलला की डाव जिंकला. मास्तरांनी एक खोल श्वास घेतला आणि धाव घेतली.

पहिली गोळी उजव्या खांद्याखाली लागली. दादाच्या जाकिटाचं कापड तिथे हललेलं पेचकसने स्पष्ट पाहिलं. ‘दादा, लागली’, एवढंच म्हणायचं होतं. त्याने तोंड उघडलंही. पुढे दादा पळत होता, पंधरा पावलं, बारा पावलं. दुसरी लागली, तिसरी लागली. पेचकसच्या तोंडून शब्द फुटला नाही. एवढा एक झेंडा घेऊ दे, मग सांगतो, असं त्याच्या मनात आलं. मग कशाला सांगायचं, असंही आलं.

मास्तरांनी झेंडा उचलला. मालकांची शिट्टी झाली. उजव्या बाजूच्या खिडकीत दंतवैद्य बंदूक खाली करून उभा होता. तो काही बोलला नाही, नियमच होता तसा, पण त्याने नजर दुसरीकडे वळवली. मास्तरांना तेवढं पुरलं.

“पेचकस, नाही ना लागली?”

मास्तरांनी झेंडा खाली ठेवला. जाकीट काढलं, मग शर्ट. मैदानावर गॉगल काढायचा नसतो, तो तसाच ठेवला. उघड्या अंगाने, डोळ्यांवर तो मोठा गॉगल घेऊन त्यांनी भावाकडे पाठ केली.

“बघ आणि सांग.”

जुने डाग पिवळे पडले होते. त्यांच्यात तीन नवे होते, लालबुंद, अजून फुगत असलेले. बाकीचे खेळाडू हळूहळू गोळा होऊन उभे होते.

“तीन आहेत, दादा.”

“तुला दिसल्या होत्या?”

“हो.”

“पहिलीपासून?”

“पहिलीपासून.”

मास्तरांनी मान हलवली. ते रागावले असते तर पेचकसला बरं वाटलं असतं. “तुझ्या जागी मी असतो तर मीही गप्प बसलो असतो बहुतेक,” ते म्हणाले. “म्हणून आता हे नकोच.” दंतवैद्याकडे वळून त्यांनी हात वर केला आणि ‘लागली’ म्हणाले, साध्या आवाजात. दंतवैद्याने मान खाली घातली.

मग ते शर्ट घालू लागले. बाह्या चढवल्या, वरचं बटण धरलं आणि काजात घालू लागले. ते गेलं नाही. पुन्हा घातलं, पुन्हा निसटलं. चाळीस वर्षं दुसऱ्यांची बटणं लावलेल्या माणसाची बोटं काजाच्या कडेवरून घसरत होती आणि मास्तर त्या बोटांकडे खाली बघत होते. दवाखान्यात त्यांनी हीच बटणं लावली होती, त्याला अकरा दिवस झाले होते.

“थंडी आहे,” मास्तर म्हणाले.

थंडी नव्हती. पेचकस पुढे आला, त्यांच्यासमोर उभा राहिला आणि वरपासून एकेक बटण लावू लागला. मास्तरांनी दोन्ही हात बाजूला सोडले आणि त्याला लावू दिली.