दहा वर्षांचा दंड

आमच्या गावात बाहेरून घरी आलेल्या माणसाला ‘कसा आहेस’ असं कोणी विचारत नाही. ‘परत जाणार कधी?’ असं विचारतात. हातातली बॅग अजून खाली ठेवलेली नसते. आयर्लंडमधल्या मेयोच्या या टोकाला प्रत्येक घरातून कोणी ना कोणी इंग्लंड-अमेरिकेला गेलेलं, आणि आलेला माणूस जायचाच, हे सगळ्यांनी धरून ठेवलेलं. विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं, हे मला कळतं. तरी पहिल्या आठवड्यातच मला त्या प्रश्नाचा उबग आला.

फेब्रुवारीत मी इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीहून कायमचा परत आलो. उभं आयुष्य तिथे बस चालवली. ब्रेंडाशी घटस्फोट होऊन जमाना झाला, मुलगी लग्न करून कॅनडात गेली, आणि एक दिवस लक्षात आलं की त्या शहरात आपल्याला नावाने हाक मारणारं कोणी उरलेलं नाही. इथे आईच्या मागे घर रिकामं पडलं होतं. म्हणून आलो. एवढी साधी गोष्ट, पण ती तोंडातून निघेना. नशीब काढायला गेलेला माणूस अठ्ठावन्नाव्या वर्षी दोन बॅगा घेऊन एकटाच परत येतो, हे कुठल्या तोंडाने सांगायचं?

शेजारचा कोलमन टाय याने पहिल्याच सकाळी कुंपणापाशी गाठलं. ऐंशी ओलांडलेला, बिनलग्नाचा, तोंडाने फटकळ.

“काय फिन्टन, परत कधी?”

“ईस्टर झाला की बघू,” मी म्हणालो.

ईस्टर झाला. मग मी म्हणालो, दलदलीतली जळणाची माती कापून झाली की. मग म्हणालो, बटाटे निघाले की. कोलमन दरवेळी मान हलवायचा. “जा बाबा. इथे आहे काय? वारा आणि मी.” त्याने मला कधी चहाला आत बोलावलं नाही, आणि मीही ताठ्यात त्याला बोलावलं नाही.

जूनमध्ये टेकडीवरची नोरा मुनेली गेली. आमच्याकडे कबर पैसे देऊन खणून घेत नाहीत, शेजारी खणतात. चौघं लागतात. कोणाला बोलवायचं ते घरचे ठरवतात, काही म्हातारे तर जिवंतपणीच ठरवून ठेवतात. मला कोणी बोलावलं नव्हतं. तरी वडलांचं फावडं घेऊन मी गेलो. नोराच्या नातवाने, काहलने, ते अगदी अदबीने माझ्या हातातून काढून घेतलं.

“तुम्ही कशाला? तुम्ही सुट्टीवर आलेले. पाठ धरली तर बोटीत बसणार कसे?”

सगळे हसले. मीही हसलो. मग भिंतीला टेकून ते चौघं खणताना बघत राहिलो. इतकं परकं मला कॉव्हेंट्रीतही कधी वाटलं नव्हतं.

औषधांच्या दुकानातली असम्प्टा मात्र कामाचं बोलली. ब्लडप्रेशरच्या गोळ्या पुड्यात घालता घालता म्हणाली, “विमा उतरवलास का? पस्तिशीनंतर पहिल्यांदा आरोग्य विमा घेणाऱ्याला दंड बसतो बरं. जितकी वर्षं उशीर, तितका हप्ता चढा. पण परदेशातून कायमचं घरी आलेल्याला नऊ महिने माफी असते. त्या आत घेतला तर दंड नाही.” मग माझ्याकडे बघून म्हणाली, “पण तुला काय त्याचं? तू तर जाणार म्हणे.”

“हो ना,” मी म्हणालो. जीभ जराही अडखळली नाही.

त्या महिन्यात दोन-तीनदा फोन हातात घेतला. कायमचे राहायला कधी आलात, हे ते पहिल्यांदा विचारणार, हे ठाऊक होतं. फेब्रुवारीत आलो, एवढं म्हणायचं होतं. पण एकदा तसं म्हटलं की कॉव्हेंट्री संपली. आणि इथे तर माझं काही सुरूच झालेलं नव्हतं. मी फोन ठेवून द्यायचो. अजून पुष्कळ दिवस आहेत, असं स्वतःला सांगायचो.

नोव्हेंबरच्या शेवटी तापाने झोपलो. चार-पाच दिवस बिछान्यातून उठवलं नाही. शेगडी थंड, पाणी प्यायलाही भिंतीला धरून जायचं. पहिल्या दिवशी वाटलं, कोणीतरी येईल. शेवटी कोणी येईल असं वाटणंही थांबलं.

ताप उतरल्यावर अंगावर कोट टाकून दारात आलो. कोलमन कुंपणापलीकडे कोंबड्यांना दाणे टाकत होता. मला बघून त्याच्या हातातलं भांडं कलंडलं.

“आहेस होय? मला वाटलं गेलास. न सांगता गेलास म्हणून शिव्यासुद्धा घातल्या.”

“आजारी होतो.”

“तुझ्या धुराड्यातून धूर नव्हता. रोज सकाळी बघतो मी. धूर नाही म्हटल्यावर वाटलं, झालं, गेला.”

“मग दार का नाही वाजवलंत?”

“गेलेल्या माणसाचं दार कोण वाजवतं?” तो चिडून म्हणाला. “बटाटे निघाले की जाणार, हे तूच सांगितलंस ना?”

तो आत निघून गेला. मी पायरीवर बसलो आणि मला रडू आलं. मी आत मेलो असतो, तरी हे गाव मला कॉव्हेंट्रीत सुखाने नांदताना बघत राहिलं असतं. आणि ती समजूत माझीच करणी होती.

दुसऱ्या दिवशी मी विमा कंपनीला फोन लावला. पलीकडची मुलगी दक्षिणेतल्या कॉर्ककडची वाटली, बोलणं गोड.

“आयर्लंडमध्ये राहायला कधी आलात?”

“फेब्रुवारीत,” मी म्हणालो. “कायमचा.”

तिने पुटपुटत महिने मोजले. “अरेरे. तुमचे नऊ महिने नुकतेच संपले हो. आता दंड लागणार. हप्ता जवळजवळ दीडपट होईल.”

“चूक माझीच आहे.”

“पण जन्मभराचा नाही हां. दहा वर्षं खंड न पडता भरलात की दंड निघून जातो.”

“किती वर्षं?”

“दहा.”

“पुन्हा सांगा.”

तिला वाटलं, आवाज नीट येत नाहीये. तिने मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून सांगितलं. आल्यापासून पहिल्यांदाच कोणीतरी माझा दहा वर्षांचा मुक्काम धरून बोलत होतं. मी विमा घेतला.

मग उठून कोलमनकडे गेलो, आणि या वेळी कुंपणापाशी न थांबता दार वाजवलं. त्याने उघडलं, मला खालीवर न्याहाळलं.

“आता काय? परत कधी?”

“दहा वर्षं तरी नाही,” मी म्हणालो, आणि सगळं सांगितलं.

“दीडपट?” तो म्हणाला. “गाढव आहेस. एक फोन करायला हात मोडले होते?”

“कायमचा आलोय असं म्हणावं लागलं असतं.”

मग बाजूला सरून त्याने मला आत घेतलं आणि किटली चढवली.

“तीन भाऊ होते मला,” पाठमोराच म्हणाला. “येत, जात. आल्या आल्या विचारून टाकलेलं बरं असतं. मग जीव गुंतत नाही.”

चहा काळाकुट्ट झाला होता. माझ्या कपात त्याने न विचारता दूध ओतलं.

“पाठ कशी आहे तुझी?”

“बरी आहे. का?”

“माझ्यासाठी तिघंच ठरलेत. चौथा मिळत नव्हता.” त्याने कप माझ्याकडे सरकवला. “फावडं तुझं आण. माझ्याचा दांडा हलतो.”