पुढचे वर्ष झोपलेल्या फांद्या

मित्रांनो, मी चक्रीफुलाचे एक जुने झाड आहे. 'आहे' म्हणायची सवय सुटत नाही. खरे तर आता हातभर बुंधा उरला आहे.

व्हिएतनाममधल्या लांग सोनच्या उतारावर होआन जन्मली, त्या वर्षी तिच्या बापाने मला लावले. पहिले फळ द्यायला मी दहा वर्षे घेतली. कोणी घाई केली नाही. माझी आठ पाकळ्यांची फळे उन्हात वाळून तपकिरी होत आणि दूरदूर जात: कुणाच्या रश्श्यात, कुणाच्या काढ्यात, तुमच्या मसाल्याच्या डब्यातही. पाने उकळून काढलेले तेल म्हातारे गुडघ्यांना चोळत आणि बरे वाटले की मला विसरत.

माझी एकच खोड. फळ पिकते तेव्हा त्याच फांदीवर पुढच्या हंगामाच्या कळ्या असतात. म्हणून होआन अनवाणी वर चढे, एकेक फळ हाताने खुडे आणि खाली उभ्या मुलाला बजावे, "थोंग, फांदी हलवू नकोस रे! पुढचं वर्ष झोपलंय तिथं."

थोंग मोठा झाला. मग कुठेतरी तापाची साथ आली. औषधाला माझी फळे लागतात म्हणे. व्यापारी आले, थोंगने बांबू आणला.

"अरे रेड्या, झाड आहे ते! घोंगडी आहे का झोडपायला?"

"आई, तुझं खुडून होईस्तोवर साथ संपेल!"

दोन दिवसांत मी रिकामे झाले. खाली फळांपेक्षा कळ्यांचाच सडा जास्त. गावाने थोंगची पाठ थोपटली.

पुढच्या वर्षी मला फळ आले नाही.

"वांझ झालंय," थोंग कुऱ्हाड घेऊन येत म्हणाला.

"तूच पाडलंस की सगळं!" होआन माझ्या बुंध्याला पाठ लावून बसली. "आधी मला तोड."

थोंगने आईला अगदी आदराने उचलून बाजूला ठेवले.

माझी पाने तेलाच्या भट्टीत गेली. भट्टीखालचे सरपणही मीच. "बघ, काही वाया गेलं नाही," थोंग आईला म्हणाला.

महिन्याभराने त्याच्या पोटात कळ आली. "आई, चक्रीफुलाचा काढा दे ना गं."

होआनने बरणी पालथी केली. एकच फळ निघाले, तेही दोन पाकळ्या मोडलेले. काढा पिऊन थोंगने ढेकर दिला.

"थांबली बघ कळ. उद्याला ठेवलंयस ना एखादं?"

होआनने दारातून माझ्या बुंध्याकडे बोट केले.

मित्रांनो, फळे जरूर घ्या, त्यासाठीच तर आम्ही उभे असतो. फक्त काठी उगारण्याआधी एकदा वर बघा. तिथे कोण झोपले आहे, ते आम्हाला ओरडून सांगता येत नाही.