थाळी अनलिमिटेड

“काका, तुमचं पोट भरलं, हे तुम्हाले समजते तरी कसं?”

प्रेमिलाने विचारलं आणि दाराबाहेर उभ्या असलेल्या चारुलता नि शोभा एकमेकींच्या खांद्यात तोंड खुपसून खिदळल्या. पैज त्यांचीच होती. शनिवारची सकाळची शाळा सुटल्यावर दोघी मुद्दाम वाडीपर्यंत आल्या होत्या. जयवंता ड्रायव्हर जेवतो कसा ते बघायला, आणि प्रेमिला विचारते की घाबरते तेही बघायला.

जयवंताने भुरका मारता मारता मान वर केली.

“आत्ता त बसलो वं पोरी! अन् भिंतीवर ते ‘अनलिमिटेड’ कोणं लिहिलं? म्या का तू?”

“मीनंच!” कमरेवर हात ठेवून प्रेमिला म्हणाली.

“मंग बोलू नको. भात आण.”

सगळी पंगत हसली. प्रेमिलाही हसली. पैज जिंकली होती. पुडाभर बोरं पक्की!

शहराबाहेरच्या वाडी या वस्तीत, ट्रान्सपोर्ट गोदामांच्या मागे भाड्याच्या दोन खोल्या. मागच्या खोलीत प्रेमिलाच्या बापाचा, गोविंदाचा संसार आणि चूल, पुढच्या खोलीत त्याच्या बायकोची, अंजनाबाईची, खानावळ. गोविंदा स्वतः गोदामात हमाली करी. पूर्वी इथे थाळी म्हणजे चार पोळ्या, वाटीभर वरण, भाजी आणि भाताची एक मूद. मग प्रेमिलाच्या वर्गात इंग्रजीच्या सरांनी ‘अनलिमिटेड’ हा शब्द शिकवला. ज्याला मर्यादा नाही ते. आकाश, समुद्र, ज्ञान, असं सांगून सरांनी विचारलं, “आणखी कुठे वापराल?”

हजेरीला ‘हजर’ म्हणतानाही जमिनीकडे बघणारी प्रेमिला त्या दिवशी कशी कोण जाणे, ताडकन उभी राहिली. “सर, शहरात सदर भागातल्या हॉटेलात थाळी अनलिमिटेड असते!” वर्ग हसला, पण सर म्हणाले, “शाबास! शब्द असा वापरात दिसला पाहिजे.”

झालं! त्या शाबासकीने पोरगी दोन बोटं उंच झाली. संध्याकाळी तिने बापाचा गठ्ठ्यांवर खुणा करायचा ब्रश घेतला आणि पुढच्या खोलीच्या निळ्या भिंतीवर पांढऱ्याफेक अक्षरांत लिहून टाकलं: थाळी अनलिमिटेड.

“म्हणजे काय वं?” अंजनाबाईने विचारलं होतं.

“म्हणजे कोणी थांबवणार नाही. ज्याले जेवढं पाहिजे तेवढं!”

अंजनाबाईला वाचता येत नव्हतं. ओल्या रंगाला न लागेल इतक्या अंतरावरून तिने त्या शब्दावर हळूच बोट फिरवलं. “लय लांब शब्द आहे,” ती कौतुकाने म्हणाली. आणि दुसऱ्या दिवसापासून गर्दी जी वाढली, ती वाढतच गेली. थाळीचे पैसे मात्र तेवढेच राहिले.

आता जयवंताचा भात आणायला प्रेमिला पडद्याआड, मागच्या खोलीत गेली. चुलीवरच्या मोठ्या पातेल्यात, गंजात, भात नव्हता. बुडाशी नुसती खरवड होती.

“आई, सं—”

अंजनाबाईने पटकन तिच्या तोंडावर हात ठेवला. माणूस ताटावर बसलेला असताना ‘संपलं’ हा शब्द या चुलीपाशी निघत नसे. “आहे न,” असं म्हणत तिने कोपऱ्यातल्या एका झाकल्या ताटातला भात काढून दिला. “ने, वाढ. गरमच आहे.”

जयवंता जेवला, ढेकर देऊन उठला. मैत्रिणी बोरं कबूल करून घरी गेल्या. पंगत उठली तसा गोविंदा जेवायला आला. अंजनाबाईने दोन ताटं पुढे सरकवली, एक नवऱ्याचं, एक लेकीचं.

“तुहं?”

“मी मंघाच जेवली.”

प्रेमिलाने घास घेतला. सकाळची शाळा, जिंकलेली पैज, सगळं एका दमात तिला बापाला सांगायचं होतं. तेवढ्यात मागे खर्रखर्र आवाज झाला. अंजनाबाई त्यांच्याकडे पाठ करून बसली होती आणि गंज मांडीशी धरून उलथण्याने खरवड काढत होती. वरून तिने वरणाच्या भांड्यातलं विसळपाणी घेतलं.

ते कोपऱ्यातलं ताट कुणाचं होतं, हे प्रेमिलाला तेव्हा कळलं. हातातला घास तिने परत ताटात ठेवला.

“बाबा, रोजच असं?”

गोविंदा म्हणाला, “म्या म्हटलं होतं, पुसून टाकू. गोदामात एवढ्या मोठमोठ्या कंपन्यांचे गठ्ठे येतेत. सगळ्या आपल्या नावापुढे लिमिटेड लिहितेत. पुऱ्या वाडीत आपणच एक अनलिमिटेड! पण तुही माय आयकते का?”

“काहून पुसायचं?” अंजनाबाई न वळताच म्हणाली. “पोरीचं अक्षर आहे ते. येणारा-जाणारा वाचते. कोणं लिहिलं, इचारते. मी सांगते, माह्या पोरीनं.”

प्रेमिला उठली. ओलं फडकं घेऊन तरातरा पुढच्या खोलीत गेली.

“हात त लावून पाहा भिंतीले!” आतून आवाज आला. एरवी अंजनाबाई एवढ्या जोराने कधी बोलत नसे.

फडकं हातात घेऊन प्रेमिला त्या अक्षरांपुढे उभी राहिली. दोन महिने या शब्दाकडे बघत ती छाती काढून शाळेत जात होती. आणि दोन महिने आई खरवड खात होती. आकाश, समुद्र, ज्ञान. यांतलं काहीच कुणाला रोज चुलीवर शिजवावं लागत नाही.

ती परत आली. फडकं तिने खुंटीला अडकवलं, आईच्या मांडीवरचा गंज काढून घेतला, आपलं ताट तिच्यापुढे ठेवलं आणि त्या दिवशी वर्गात राहिली होती तशी ताठ उभी राहिली.

“आई, बाबा, आयका. उद्यापासून पहिल्या पंगतीले आई बसन. आईचं झालं का मंग बाकीचे.”

“अवं, गिऱ्हाईक दारात उभं ठेवून खानावळवाली जेवते का कुठी?” अंजनाबाई हसली.

“इथं जेवते. जयवंताकाकाले मी सांगीन, मले भ्या नाही वाटत. एरवी माही शाळा बाराची आहे, तोवर वाढणारी मी. अन् तू पुरे म्हटलं तरी मी एक डाव भात जास्तच वाढीन. म्या ठरवलं.”