उसना आवाज

लुंबिनीने पोस्टर आधी टाकलं आणि विचारलं नंतर. नोएडातल्या त्यांच्या सोसायटीत तिची ही ख्यातीच होती. अकरावीत गेल्यापासून आपण काहीही करू शकतो असं तिला वाटायला लागलं होतं, आणि बहुतेक वेळा ते खरंही निघायचं. हीच तर पंचाईत!

पोस्टर गेलं मराठी मंडळाच्या ग्रुपवर. रविवारी संध्याकाळी पाच वाजता, दिल्लीत कोपर्निकस मार्गावरच्या सदनाच्या सभागृहात, ज्येष्ठ अभिनेत्री आणि गायिका प्रेमलाताई स्वतः गाणार त्यांचं गाजलेलं गाणं, 'नितळू दे पाणी जरा'. दहा मिनिटांत साठ अंगठे आणि तीस फुलं आली. मंडळाचे सेक्रेटरी विलासकाका तर लिहून मोकळे झाले, 'वा गं पोरी! गुरुग्रामवाल्यांसाठी बसच ठरवतो.'

मग लुंबिनी लिफ्टने नवव्या मजल्यावर गेली.

प्रेमलाताईंना एक्क्याऐंशीवं लागलं होतं, पण आजी म्हटलेलं त्यांना खपत नसे. साठच्या दशकात त्यांनी पाच मराठी सिनेमे केले होते, आणि पहिल्या चारांत स्वतःची गाणी स्वतःच गायली होती. पाचवा सिनेमा 'नितळू दे'वाला. तो धो धो चालला, आणि त्यानंतर दिल्लीच्या एका सरकारी अधिकाऱ्याशी लग्न करून त्या इकडे आल्या त्या आल्याच. लुंबिनीचे बाबा, बुद्धभूषण, पहिल्यांदा लिफ्टमध्ये त्यांना भेटले तेव्हा इतके गडबडले, की तिसऱ्या मजल्यावर उतरायचं विसरून थेट नवव्यापर्यंत गेले. नागपूरला रेडिओवर ते गाणं लागलं की त्यांच्या आईचं लाटणं हातातल्या हातात थांबायचं म्हणे.

"ताई, रविवारी तुम्ही गाताय," लुंबिनीने दारातच सांगून टाकलं.

"कोणी ठरवलं?"

"मी."

"अच्छा! आणि काय गातेय मी?"

लुंबिनीने गाऊनच दाखवलं. 'नितळू दे पाणी जरा, मग चेहरा पाहीन मी...' घरी आठ दिवस घोकलं होतं तिने. प्रेमलाताईंनी आत जाऊन गॅस बंद केला आणि शांतपणे ऐकून घेतलं.

"गळा गोड आहे तुझा. नितळणं म्हणजे काय, माहीत आहे?"

"क्लीन होणं?"

"दिल्लीची कार्टी! गढूळ पाणी हलवायचं नाही, नुसतं ठेवून द्यायचं. गाळ खाली बसतो, वर स्वच्छ पाणी राहतं. ते नितळणं." मग त्या खुर्चीवर बसल्या. "आणि ते गाणं मी गायलेलं नाही. ओठ माझे आहेत, आवाज दुसरीचा."

लुंबिनीला आधी वाटलं, ताई फिरकी घेताहेत. "पण इंटरनेटवर सगळीकडे तुमचंच नाव आहे!"

"म्हणून तर कुठे जात नाही मी. लोक तेच मागतात. खोटं बोलवत नाही, आणि खरं सांगितलं की त्यांचे चेहरे पडतात."

महिनाभर संगीतकारांनी ते गाणं प्रेमलाताईंकडून बसवून घेतलं होतं. रेकॉर्डिंगच्या दिवशी त्या नवी साडी नेसून स्टुडिओत पोचल्या, तर माइकपुढे दुसरीच उभी. निर्माते म्हणाले, बाई, तुमचा चेहरा चालतो, पण या गाण्याला कसलेला गळा लागतो; तबकडीवर नाव तुमचंच राहील.

"तीही चांगलीच गायली हो. तिच्यावर राग नाही माझा," ताई म्हणाल्या. "मग आम्ही शूटिंगला गेलो, कोल्हापूरच्या बाजूला, नदीकाठी. रेकॉर्ड केलेलं गाणं वाजवायला भोंगा ठेवला होता बैलगाडीवर. गाणं सुरू झालं की बैल बुजायचे, की कट! पुन्हा सगळं पहिल्यापासून. साडी ओली, पाय गारठलेले, मधे मधे भाजलेल्या शेंगा खायच्या. काय दिवस होते गं..." त्या हसल्या. "आणि नुसते ओठ हलवून भागायचं नाही. गळ्याची शीर ताणलेली दिसली नाही, तर कॅमेऱ्याला लबाडी कळते. म्हणून शूटिंगला आम्ही खरंखुरं गायचो. दोन दिवस मी ते गाणं जीव तोडून गायले, लुंबिनी. भोंग्यापुढे कुणाला ऐकूच गेलं नाही."

लुंबिनीने खुर्ची ताईंशेजारी ओढली. मग तिने फोनवर गाणं लावलं आणि त्याचा आवाज पूर्ण बंद केला. पडद्यावर चोवीस वर्षांची प्रेमला मुकी मुकी गात होती. गळ्याची शीर खरंच दिसत होती. खुर्चीतल्या प्रेमलाताईंचे ओठ हलायला लागले.

"ताई, रविवारी असंच करू. पडद्यावर त्या तुम्ही, बाजूला या तुम्ही. आवाज तेवढा तुमचा. खरं काय ते आधी मी सांगते."

"वेडी आहेस? या दमाने त्या पोरीला गाठायचं? आणि लोकांचे चेहरे?"

"पडू देत ना, यार! म्हणजे... सॉरी, ताई."

"यार चालेल. आजीपेक्षा बरं."

पाच दिवस शाळा सुटली की तालीम. मुखडा जमायचा, अंतऱ्यात दम पुरायचा नाही. पडद्यावरची पुढे निघून जायची. "ही बया थांबतच नाही!" म्हणून प्रेमलाताई स्वतःलाच शिव्या घालायच्या. शनिवारी तर म्हणाल्या, "जाऊ दे गं, सांग त्यांना मी आजारी आहे." लुंबिनीने सांगितलं नाही. कॅब मात्र बुक केली.

रविवारी सभागृह खचाखच भरलं होतं. लुंबिनीने खरी गोष्ट सांगितली आणि कुजबुज उठली. पहिल्या रांगेतले एक गृहस्थ मोठ्यानेच बोलले, "म्हणजे इतकी वर्षं आम्ही ऐकलं कुणाला?" विलासकाका घाईघाईने लॅपटॉपपाशी आले. "पोरी, मूळ आवाज हळू चालू ठेव. ताई अडखळल्या तर झाकलं जाईल."

"नाही काका. एकदा झाकलं तेवढं पुरे." तिचं तिलाच नवल वाटलं.

चित्र सुरू झालं. मुखडा ओठाला ओठ जुळून आला. आवाज जुन्या सुती कापडासारखा, विरलेला, पण मऊ. अंतऱ्यात ताईंनी मधेच श्वास घेतला आणि पडद्यावरची पुढे गेली. एका ओळीने, मग दोन ओळींनी. तिने गाणं संपवलं, ओंजळीतलं पाणी सोडलं आणि पडदा काळा झाला.

दोन ओळी उरल्या होत्या. विलासकाका दिव्याच्या बटणाकडे धावले. लुंबिनीने त्यांची बाही धरली.

प्रेमलाताईंनी पडद्याकडे पाठ फिरवली. आता गाठायचं कुणाला नव्हतंच. त्यांनी लोकांकडे बघत, आपल्या चालीने, हव्या तिथे थांबत त्या दोन ओळी गायल्या.

पहिल्या रांगेतले तेच गृहस्थ उठून उभे राहिले.

"ताई, पुन्हा एकदा. पडदा नको."

प्रेमलाताईंनी पदराने कपाळ टिपलं.

"गाते. पण आता बसून. लुंबिनी, खुर्ची आण गं!"